पदवीविना अभ्यासक्रम : येडशी येथील संभाव्य मोडी-वाचनवर्गाच्या निमित्ताने

विद्यापीठाचे कार्य पदवीपरीक्षांपुरते मर्यादित आहे, असा समज सामान्यतः रूढ आहे. परंतु ज्याच्या शेवटी पदवी नाही, पदविका नाही, आणि पुष्कळदा परीक्षाही नाही, असे अल्पमुदतीचे वर्गही विद्यापीठे दीर्घकाळ चालवीत आली आहेत. या वर्गांची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. वस्तुतः त्यात एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. पदवी न देता विद्यापीठ विद्यार्थ्याला नेमके काय देते, आणि जे देते त्याबद्दल ते कितपत उत्तरदायी राहते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे केला आहे. धाराशिव जिल्ह्यातील येडशी येथे मोडी लिपीच्या वाचनाचा अल्पमुदतीचा वर्ग भरवावयाचा झाल्यास त्याची आखणी कशी असावी, हे ते उदाहरण होय.

१. बहिःशाल कल्पनेचा उगम

अशा वर्गांना मराठीत ‘बहिःशाल शिक्षण’ ही संज्ञा मिळाली. ज्या इंग्रजी शब्दासाठी ती योजण्यात आली त्याच्या मुळाशी लॅटिन भाषेतील ‘म्यूरस’, म्हणजे भिंत, हा शब्द आहे. इंग्रजी संज्ञेत भर आहे तो भिंतीबाहेर असण्यावर. मराठी संज्ञेत भिंतीच्या जागी शाळा आली. या फरकाचा एक परिणाम असा की, मराठी वाचकाला ही संज्ञा शाळेपासून दूर राहिलेल्यांचे शिक्षण सुचविते. मूळ कल्पना मात्र विद्यापीठाने स्वतः उठून लोकांकडे जाण्याची होती.

या कल्पनेला व्यवस्थित रूप मिळाले ते केंब्रिज विद्यापीठात. जेम्स स्ट्युअर्ट यांच्या प्रयत्नांमुळे त्या विद्यापीठाने १८७३ साली नॉटिंगहॅम, डर्बी व लेस्टर या गावी व्याख्यानक्रम सुरू केले. स्ट्युअर्ट यांच्या पद्धतीची तीन अंगे होती : व्याख्यानापूर्वी श्रोत्यांच्या हाती छापील टिपण देणे, प्रत्येक व्याख्यानागणिक लेखी प्रश्न घालून उत्तरे तपासून परत करणे, आणि व्याख्यानानंतर शंकासमाधानासाठी वेगळा वर्ग घेणे. म्हणजे पदवी नसली तरी अभ्यासाची शिस्त होती. व्याख्यान आणि अभ्यासक्रम यांतील भेद येथेच पडतो. व्याख्यान ऐकून श्रोता घरी जातो. अभ्यासक्रमात त्याने काही करून दाखवावयाचे असते, आणि कोणी तरी ते तपासावयाचे असते.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने हे कार्य अंगीकारले. त्याच्या व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांतून होत आल्या आहेत. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यात आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. तेव्हा असे वर्ग चालविण्यास विद्यापीठाला अधिकार आहे काय, हा प्रश्न उरत नाही. प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा.

२. मोडी-वाचनाची निकड

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानाच्या दरबारी कामकाजात फारसीची जागा उर्दूने घेतली. परंतु गावपातळीवरील कुलकर्णी-पटवाऱ्यांचे लेखन पुष्कळसे मराठीत, व तेही मोडी लिपीत, होत राहिले. यामुळे एकाच गावच्या एकाच रुमालात एक कागद मोडीत, दुसरा उर्दूत, आणि तिसरा दोन्ही लिप्यांच्या शेऱ्यांनी भरलेला, अशी स्थिती आढळते. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून व सरकारी व्यवहारातून मागे पडली, आणि ती सहज वाचणारी पिढी हळूहळू अस्तंगत झाली.

या कागदांचे महत्त्व केवळ इतिहाससंशोधकापुरते नाही. जमिनीची वहिवाट, वाटणी, देवस्थानचे इनाम, वारसाहक्क यांचे जुने पुरावे त्यांत असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील जुन्या अभिलेखांत कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा गाव नमुना क्रमांक १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि तत्सम कागद मोठ्या प्रमाणावर तपासावे लागले, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची उणीव सर्वांना जाणवली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूशी येथे कर्तव्य नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, एखाद्या कुटुंबाचा हक्क एका ओळीच्या वाचनावर अवलंबून असू शकतो, आणि ती ओळ वाचणारा मनुष्य बहुधा पदवीधर भाषाभ्यासक नसून एखाद्या अल्पमुदतीच्या वर्गात शिकून आलेला असतो. राज्याचे पुराभिलेख संचालनालय असे प्रशिक्षणवर्ग घेत आले आहे. विद्यापीठांनी या कामात उतरावयाचे तर जबाबदारीची कल्पना आधी स्पष्ट असावयास हवी.

३. अभ्यासक्रमाची व्याप्ती

अल्पमुदतीच्या वर्गाचा पहिला दोष बहुधा त्याच्या नावातच असतो. ‘मोडी लिपी अभ्यासक्रम’ असे नाव दिले की, यादवकाळापासून आंग्लकाळापर्यंतचे कोणतेही मोडी लेखन वाचता येईल, असा समज होतो. तीस तासांत ते साधत नाही. लेखनाची वळणे काळागणिक बदलली आहेत, आणि शिवकालीन कागदाचा वाचक व एकोणिसाव्या शतकातील दफ्तराचा वाचक यांची तयारी निरनिराळी असते. म्हणून नावातच मर्यादा सांगावी, जसे ‘एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील ग्रामदफ्तराचे मोडी-वाचन’. उर्दू कागदांचे वाचन हा स्वतंत्र वर्गाचा विषय होय, हेही पत्रकात आरंभीच नमूद करावे.

पाठ्यविषयाची निवड लिपीच्या स्वभावावरून ठरते. मोडीत शिरोरेषा आधी आखून तिच्याखाली शक्यतो लेखणी न उचलता ओळ लिहीत जातात. शब्द तोडून लिहिण्याची रीत नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नाही. त्यामुळे अक्षरओळख हा केवळ आरंभ होय. ‘शेतकरीतो’ ही अक्षरमाला ‘शेतकरी तो’ अशी वाचावी की ‘शेत करी तो’ अशी, हे अक्षर सांगत नाही. पहिल्या वाचनात व्यक्तीची ओळख सांगितली जाते, दुसऱ्यात केवळ तिची कृती. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा, हा भेदही संदर्भानेच ठरवावा लागतो. तेव्हा वाचकाला लिपीइतकेच दफ्तराचे भाषावळण ठाऊक असावे लागते : ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मौजे’, ‘परगणे’, ‘साल मजकूर’ इत्यादी.

अंक व कालगणना यांना स्वतंत्र तास द्यावे लागतात. जुन्या हिशेबात एक उभी रेघ पाव दर्शविते, दोन रेघा अर्धा, आणि तीन रेघा पाऊण. चाराच्या आकड्यापुढील तिसरी रेघ वाचकाच्या नजरेतून सुटली, तर पावणेपाच एकरांची नोंद साडेचार एकर होते, आणि कागदावर दहा गुंठे जमीन नाहीशी होते. सनांचेही तसेच आहे. शकात ७८ वा ७९, फसली सनात ५९० वा ५९१, आणि शुहूर सनात ५९९ वा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. परंतु दोहोंपैकी कोणती संख्या घ्यावयाची हे महिन्यावर अवलंबून असते. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्याने, सुरू होई. म्हणून फसली १३४८ मधील आजूरची नोंद १९३८ ची, तर त्याच वर्षाच्या फरवर्दी महिन्यातील नोंद १९३९ ची ठरते. वारसाच्या प्रश्नात एका वर्षाचा फरक निर्णायक होऊ शकतो.

४. स्थळ, काळ व खर्च

येडशी हे स्थळ उदाहरणासाठी योग्य आहे, कारण ते विद्यापीठाच्या मुख्य परिसरापासून दूर असूनही दळणवळणाच्या मार्गावर आहे. कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. पूर्वी याच वाटेने बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी जात असे. सोलापूर-धुळे महामार्ग येथूनच जातो, आणि येडशी ते छत्रपती संभाजीनगर या चौपदरी टप्प्याची लांबी सुमारे १८९ किलोमीटर आहे. विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिव शहरात आहे. तेव्हा वर्गाचा शिक्षक मुख्य परिसरातून आणावा की उपकेंद्रातून, आणि वर्ग सलग घ्यावा की आठवड्यातून एकदा, हे प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

सलग पाच दिवस, रोज सहा तास, अशी योजना केल्यास शिक्षकाचा प्रवास एकदाच होतो. परंतु लिपीवाचन हे सरावाचे काम आहे. पाच दिवसांत डोळ्यांना वळण लागत नाही, आणि शिकलेले महिनाभरात ओसरते. उलट दर रविवारी चार तास याप्रमाणे आठ रविवार घेतल्यास बत्तीस तास होतात. त्यांतील तीस तास अध्यापनाला व दोन तास शेवटच्या चाचणीला मिळतात, आणि मधल्या आठवड्यांत प्रत्येकाला रोज अर्धा पानभर वाचन करता येते. स्ट्युअर्ट यांची लेखी उत्तरे तपासण्याची पद्धत येथे अगदी लागू पडते. दर रविवारी एक पान घरी द्यावे, पुढच्या रविवारी ते तपासून परत करावे.

काळ निवडताना शेतीचे व गावचे वेळापत्रक पाहावे. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी असते. श्रावणात रामलिंगाच्या दर्शनासाठी येडशीला भाविकांची रीघ लागते, व त्या काळात जागा व वाहन या दोहोंची अडचण पडते. विद्यापीठाच्या सत्रपरीक्षांमुळे शिक्षकही काही आठवडे मोकळे नसतात. हे सर्व वगळले असता नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सोयीचा ठरतो. पदवीवर्गाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. पदवीनिरपेक्ष वर्गात विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावयाचे असते.

खर्चाचा हिशेब आधी मांडला नाही तर असे वर्ग दुसऱ्या वर्षी बंद पडतात. केवळ स्पष्टीकरणासाठी काही आकडे गृहीत धरू. शिक्षकाचे मानधन दर रविवारी १५०० रुपये, म्हणजे एकूण १२,००० रुपये. प्रवास दर वेळी ५०० प्रमाणे ४,००० रुपये. जागा व किरकोळ ३,००० रुपये. नोंदणी व पत्रव्यवहार २,००० रुपये. हा २१,००० रुपयांचा खर्च विद्यार्थी दहा असोत वा तीस, बदलत नाही. प्रत्येकाच्या हाती द्यावयाच्या छायाप्रतींचा खर्च १०० रुपये धरल्यास तो मात्र संख्येप्रमाणे वाढतो. तीस विद्यार्थी आल्यास एकूण खर्च २४,००० रुपये, म्हणजे माणशी ८०० रुपये. शुल्क ८०० ठेवले तर तिसांपैकी एकही कमी झाल्यास तूट येते. शुल्क १००० ठेवले तर प्रत्येकाकडून छायाप्रतींचा खर्च वजा जाता ९०० उरतात, आणि चोवीस विद्यार्थ्यांत खर्च भरून निघतो. तिसांतील उरलेल्या सहा जागांचे उत्पन्न मग शुल्कमाफीकडे वळविता येते. म्हणजे शुल्क थोडे अधिक ठेवल्याने गरजू विद्यार्थ्याची सोय होऊ शकते. अतिशय कमी ठेवल्याने वर्गच धोक्यात येतो. किती नोंदणी झाल्याशिवाय वर्ग सुरू होणार नाही, आणि तो न झाल्यास शुल्क केव्हा परत मिळेल, या दोन गोष्टी पत्रकात छापणे आवश्यक आहे.

५. प्रवेश, चाचणी व दाखला

प्रवेशासाठी शैक्षणिक पात्रतेची अट घालू नये. देवनागरी मराठी अस्खलित वाचता येणे एवढी अट पुरेशी आहे. निवृत्त तलाठी, वकिलाचा लेखनिक, शाळाशिक्षक, शेतकरी आणि संशोधक विद्यार्थी एका बाकावर बसले तर वर्गाला लाभच होतो. ग्रामदफ्तरातील शब्दांचा अर्थ निवृत्त तलाठ्याला प्राध्यापकाहून अधिक ठाऊक असण्याचा संभव असतो.

विद्यार्थी आपल्या घरचे कागद घेऊन येतील, हे गृहीत धरावे. त्यासाठीच पुष्कळजण येतात. त्याविषयी नियम आधी ठरवावा. मूळ कागद वर्गात फिरवू नये, छायाप्रत वापरावी. मालकाची लेखी संमती घ्यावी. भाऊबंदकीच्या चालू वादातील कागद वर्गात वाचावयास घेऊ नये. वर्ग वाचन शिकवितो, निवाडा करीत नाही.

आता दाखल्याचा प्रश्न. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ अन्वये पदवी देण्याचा अधिकार मर्यादित आहे. अल्पमुदतीच्या वर्गाचा दाखला त्या कक्षेबाहेरचा होय. यामुळे तो कसाही लिहावा, असा समज होतो, आणि अनेक दाखल्यांवर ‘यशस्वीपणे पूर्ण केला’ एवढेच मोघम वाक्य आढळते. ते वाक्य उपस्थितीची ग्वाही देते की क्षमतेची, हे कळत नाही. ज्याच्यापुढे दाखला ठेवला जातो त्याचा समज मात्र क्षमतेचा होतो.

यावर उपाय असा की, दोन स्वतंत्र कागद असावेत. ज्याची उपस्थिती तीन-चतुर्थांश भरली त्याला उपस्थितीपत्र द्यावे. ज्याने शेवटची चाचणी दिली व जो तिच्यात उतरला त्याला वाचनक्षमतेचा दाखला द्यावा, आणि त्यावर कोणत्या काळातील, कोणत्या प्रकारचे, किती ओळींचे लेखन त्याने वाचून दाखविले, हे स्पष्ट लिहावे. असे वाचन म्हणजे अधिकृत लिप्यंतर नव्हे, हे वाक्य दोन्हींवर असावे.

चाचणीचे गुणांकनही लिपीच्या स्वभावाला धरून हवे. सर्व चुका सारख्या नसतात. ऱ्हस्व-दीर्घाची चूक ही चूकच नव्हे, कारण मूळ लेखनातच तो भेद नाही. शब्द चुकीच्या जागी तोडणे ही मध्यम चूक. नाव, अंक, दिनांक वा नातेवाचक शब्द चुकणे ही गंभीर चूक, आणि अशी एक चूक झाली तरी दाखला रोखून पुन्हा चाचणी घ्यावी. सर्वांत गंभीर दोष आणखी निराळा आहे. न लागलेले अक्षर तर्काने भरून टाकणे, हा तो दोष होय. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील वधासंबंधी ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. तिची ऐतिहासिकता कशीही असो, तिच्यातील अक्षरबदल हेतुपुरस्सर होता. वाचनवर्गात भीती वाटते ती हेतू नसताना होणाऱ्या ‘मा’ची. म्हणून न लागलेल्या अक्षराच्या जागी ठरलेली खूण करावी, आणि चाचणीत त्या खुणेबद्दल गुण कापू नयेत, अशी योजना असावी. दोघांनी एकच पान स्वतंत्रपणे वाचून मग ताडून पाहण्याची सवय पहिल्या रविवारापासून लावल्यास हा दोष बराच कमी होतो.

६. नोंदवही आणि श्रेयांक

पदवीनिरपेक्ष वर्गाची सर्वांत दुबळी बाजू म्हणजे त्याची नोंद. पदवीपरीक्षेचे निकाल विद्यापीठ कायम जपते. अल्पमुदतीच्या वर्गाची यादी बहुधा संयोजकाच्या कपाटात असते, आणि त्याची बदली झाली की ती हरवते. दहा वर्षांनी एखाद्या कार्यालयाने विचारणा केली तर उत्तर देण्यास कोणी नसते. मग खऱ्या दाखल्याची आणि खोट्याची किंमत एकच होते. म्हणून प्रत्येक दाखल्याला क्रमांक द्यावा, आणि नाव, उपस्थितीचे तास, चाचणीचा उतारा व परीक्षकाची सही ही कायम नोंदवहीत ठेवून तिची प्रत विद्यापीठाच्या विस्तार विभागाकडे पाठवावी. या एका कामाला वर्षाकाठी फार तर एक दिवस लागतो. तो दिवस वाचविल्याने झालेली हानी मात्र पुढे भरून काढता येत नाही.

श्रेयांकाचाही प्रश्न अलीकडे पुढे आला आहे. सामान्यतः पंधरा तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक मानतात, आणि २०२१ पासून श्रेयांक-संचयाची राष्ट्रीय व्यवस्था अस्तित्वात आहे. त्या मापाने येथे वर्णिलेला वर्ग दोन श्रेयांकांचा ठरेल. असे रूपांतर करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु श्रेयांक जोडला की प्रवेशपात्रता, परीक्षाशुल्क व सत्राचे वेळापत्रक ही मागोमाग येतात, आणि निवृत्त तलाठी व शेतकरी ज्या दाराने आत आले ते दार अरुंद होते. यास्तव वर्ग मुळात पदवीनिरपेक्षच ठेवावा. तासांची व चाचणीची नोंद मात्र अशी चोख असावी की, पुढे एखाद्या विद्यार्थ्याला श्रेयांकाची गरज भासल्यास संबंधित अभ्यासमंडळाला तिच्या आधारे निर्णय करता येईल.

येडशीच्या पंचक्रोशीत अशा वर्गातून दर वर्षी आठ-दहा विश्वसनीय वाचक तयार झाले, तरी काही वर्षांत बहुतेक गावांना हाकेच्या अंतरावर एक वाचक मिळेल. घरातील जुना कागद दूरच्या शहरात नेऊन अनोळखी माणसाच्या हाती देण्याची पाळी मग कुटुंबांवर येणार नाही. आलेल्या वाचकाने ‘हे अक्षर मला लागत नाही’ असे निःसंकोचपणे सांगितले आणि तेथे खूण केली, तर त्या वर्गाचे शिक्षण त्याच्या अंगी उतरले असे मानण्यास हरकत नाही.